पीआरची पहिली पायरी : कॉलेजमधली इंटर्नशिप

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी एके दिवशी जेवताना सांगते, "मला पीआरमध्ये जायचंय." आई विचारते, "म्हणजे जाहिरातींचं काम ना?" बाबा विचारतात, "त्यात नोकरी मिळते का?" आणि आजोबा म्हणतात, "हॉस्पिटलच्या काउंटरवर पीआरओ बसतात, ते का गं?"

तिघांचेही प्रश्न रास्त आहेत. डॉक्टर काय करतो, सीए काय करतो, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. पीआर म्हणजे पब्लिक रिलेशन्स, मराठीत जनसंपर्क. या माणसाचं काम मात्र चटकन डोळ्यांसमोर येत नाही. म्हणूनच या क्षेत्रात शिरायचं असेल तर फी भरून मोठा कोर्स करण्याआधी एक छोटी इंटर्नशिप करून बघावी. हे काम आपल्याला जमतं का आणि आवडतं का, ही दोन्ही उत्तरं त्यातून मिळतात.

पीआर म्हणजे नक्की काय?

आपल्या सोसायटीचंच उदाहरण घेऊ. फलकावर सूचना लागते, "उद्या पाणी बंद राहील. – सचिव." मग दिवसभर सचिवांचा फोन वाजत राहतो. किती वाजेपर्यंत? का? आधी का नाही सांगितलं?

आता दुसरी सूचना बघा. "टाकी धुण्यासाठी बुधवारी सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद राहील. पिण्याचं पाणी आदल्या रात्री भरून ठेवावं. अडचण आल्यास वॉचमनकडे दोन पिंपं भरून ठेवली आहेत." काम तेच आणि गैरसोयही तेवढीच, पण या वेळी कुणी चिडत नाही. लोकांना जे विचारायचं होतं, ते त्यांनी विचारण्याआधीच खरं खरं सांगितलं गेलं. कंपनी, रुग्णालय, संस्था किंवा सरकारी खातं हेच काम मोठ्या प्रमाणावर करतं, तेव्हा त्याला जनसंपर्क म्हणतात.

जाहिरातीत जागा पैसे देऊन घेतलेली असते. तिथे काय छापायचं ते पैसे देणारा ठरवतो. बातमीची जागा विकत घेता येत नाही आणि घ्यायचीही नसते. तिथे काय छापायचं ते बातमीदार आणि संपादक ठरवतात. पीआरवाल्याच्या हातात एवढंच असतं की माहिती खरी असावी, वेळेवर द्यावी आणि ती वाचकाच्या उपयोगाची असावी.

या व्यवसायात एक जुना दाखला नेहमी दिला जातो. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. अपघात झाकायचा, बातमीदारांना लांब ठेवायचं, ही तेव्हाची रेल्वे कंपन्यांची रीत होती. या कंपनीचं प्रसिद्धीचं काम बघणारे आयव्ही ली पूर्वी स्वतः वार्ताहर होते. त्यांनी उलटा सल्ला दिला. कंपनीने घटनेची माहिती स्वतःहून लिहून वृत्तपत्रांना दिली आणि बातमीदारांना अपघातस्थळी नेण्याची सोय केली. जगातली पहिली प्रेस नोट म्हणून याच पत्रकाचं नाव घेतलं जातं. म्हणजे या व्यवसायाचं सगळ्यात ओळखीचं साधन जन्माला आलं ते वाईट बातमी सांगण्यासाठी.

आपल्याकडे टाटा समूहाने १९४० च्या दशकात मुंबईत स्वतंत्र जनसंपर्क विभाग सुरू केला. १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संस्था स्थापन झाली. २१ एप्रिल हा दिवस देशात जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो.

इंटर्न दिवसभर काय करतो?

पीआर म्हटलं की चकचकीत कार्यक्रम, सेलिब्रिटी आणि कॅमेरे डोळ्यांसमोर येतात. इंटर्नचा दिवस मात्र सकाळी पेपर वाचण्याने सुरू होतो.

पहिलं काम म्हणजे कात्रणं. आपल्या ग्राहक कंपनीबद्दल, तिच्या स्पर्धकांबद्दल आणि त्या धंद्याबद्दल कुठे काय छापून आलं, हे शोधून साडेनऊ-दहाच्या आत वरिष्ठांना पाठवायचं. काम कंटाळवाणं वाटतं. पण महिनाभर रोज सात-आठ पेपर आणि दहा-बारा पोर्टल चाळली की कोणता बातमीदार कशावर लिहितो आणि कोणत्या पानावर काय चालतं, हे आपोआप कळू लागतं. पुस्तक वाचून ही जाण येत नाही.

दुसरं काम बातमीदारांची यादी अद्ययावत ठेवण्याचं. कोण कुठल्या विषयावर लिहितं, कुणी नोकरी बदलली, कुणाला दुपारी चारनंतर फोन केलेला चालत नाही, हे सगळं त्या यादीत असतं. संध्याकाळी पान लावायच्या घाईत असलेल्या माणसाला "मेल मिळाला का?" असं विचारणारा इंटर्न त्याच्या कायमचा लक्षात राहतो, पण चुकीच्या कारणासाठी.

याशिवाय प्रेस नोटचा पहिला खर्डा, फोटोओळी, भाषांतर, पत्रकार परिषदेच्या दारातली नोंदणी, समाजमाध्यमांसाठी मजकूर आणि कार्यक्रमानंतरचा अहवाल ही कामं असतात. पहिल्या महिन्यात तुमचा खर्डा लाल खुणांनी भरून परत येईल. ती लाल खूण म्हणजेच तुमचं शिक्षण. प्रत्येक खर्ड्याची जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून काय बदललं ते बघा.

माझ्या पहिल्या इंटर्नशिपमधली गोष्ट सांगते. एका चित्रप्रदर्शनाची प्रेस नोट माझ्याकडे होती. उद्घाटन मंगळवारी होतं. मी तारीख बरोबर लिहिली, पण वार लिहिला सोमवार. नोट चाळीसेक जणांना गेली. सोमवारी दुपारी एक छायाचित्रकार भर उन्हात स्कूटरवरून आले आणि बंद दालनासमोर उभे राहिले. माझ्या वरिष्ठांनी आवाज चढवला नाही. यादी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "एकेकाला फोन कर." चाळीस वेळा मी एकच वाक्य बोलले, "चूक माझी आहे, उद्घाटन उद्या मंगळवारी आहे." मंगळवारी ते छायाचित्रकार पुन्हा आले. आत शिरताना एवढंच म्हणाले, "आज नक्की ना?" तेव्हापासून तारीख लिहिली की मी कॅलेंडर उघडून वार तपासते. चूक लपवली असती तर ते दुसऱ्या दिवशी आलेच नसते, हेही त्याच दिवशी कळलं.

मराठी येतं, हे भांडवल आहे

अनेक विद्यार्थ्यांना वाटतं की पीआर म्हणजे फाडफाड इंग्रजी, आणि आपण मराठी माध्यमातले. इंग्रजी लागतंच, ते शिकून घ्यावं. पण कार्यालयात खरी टंचाई असते ती वाचनीय मराठी लिहिणाऱ्यांची. मूळ प्रेस नोट इंग्रजीत तयार होते आणि तिचं शब्दाला शब्द भाषांतर मराठी वृत्तपत्रांकडे जातं. "घोषणा करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे" असलं पहिलं वाक्य वाचून उपसंपादक पुढचं वाचतच नाही.

फरक कसा पडतो ते बघा. ही एक काल्पनिक नोट : "समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी सदैव कटिबद्ध असलेल्या आमच्या संस्थेतर्फे आयोजित भव्य रक्तदान शिबिराला उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला." यात बातमी कुठे आहे?

आता हीच माहिती अशी : "महाविद्यालयात रविवारी झालेल्या शिबिरात ११२ जणांनी रक्तदान केले. त्यांपैकी ४१ जण पहिल्यांदाच रक्तदान करत होते." दुसरी नोट जवळपास आहे तशी छापता येते. कोण, काय, कधी, कुठे, किती हे पहिल्या दोन वाक्यांत आलं की निम्मं काम झालं.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मुलांची बाजू तर आणखी भक्कम. इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबादमध्ये वाढलेल्या मुलाला घरची मराठी, शाळेची हिंदी किंवा इंग्रजी आणि गल्लीतली गुजराती, कन्नड किंवा तेलुगू येते. एकच मोहीम चार भाषांत चालवणाऱ्या कंपनीला असा माणूस हवाच असतो. अर्ज करताना भाषा नुसत्या मोजू नका. कोणत्या भाषेत बोलता येतं, कोणत्या भाषेत लिहिता येतं, हे वेगळं लिहा.

सुरुवात कुठून करायची?

पीआर एजन्सी ही सगळ्यांना सुचणारी जागा. मुंबई, दिल्ली-गुरुग्राम आणि बंगळुरू इथे त्या जास्त आहेत. एजन्सीत एकाच वेळी तीन-चार ग्राहकांचं काम बघायला मिळतं, त्यामुळे वेग येतो. कंपनीच्या स्वतःच्या जनसंपर्क विभागात एकाच विषयात खोलवर जाता येतं.

पण मोठ्या शहरात राहण्याचा खर्च परवडणारा नसेल तर आपल्याच गावात बघा. मोठं रुग्णालय, सहकारी बँक, स्वयंसेवी संस्था, वस्तुसंग्रहालय, नाट्यमहोत्सव, क्रीडा संघटना, ग्रंथालय या सगळ्यांना लोकांपर्यंत पोहोचायचं असतं आणि त्यासाठी त्यांच्याकडे अनेकदा वेगळा माणूस नसतो. महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची जिल्हा माहिती कार्यालयं आहेत. 'लोकराज्य' मासिक याच खात्याचं. सरकारी योजनेची माहिती साध्या भाषेत कशी मांडतात, हे शिकायला ती चांगली जागा. विद्यार्थ्यांना संधी आहे का, हे कॉलेजचं पत्र घेऊन प्रत्यक्ष जाऊन विचारावं.

आणखी जवळची जागा म्हणजे कॉलेजचा महोत्सव. बहुतेक महोत्सवांत प्रसिद्धीची जबाबदारी विद्यार्थ्यांवरच असते. दोन वर्षं ते काम मनापासून केलं तर पहिल्या अर्जात दाखवायला काहीतरी खरं असतं.

पदवी कोणती हवी? पत्रकारिता किंवा मास मीडिया असेल तर सोपं जातं, पण सक्ती नाही. औषध कंपनीच्या कामात विज्ञान शाखेचा विद्यार्थी उजवा ठरतो आणि बँकेच्या कामात वाणिज्य शाखेचा. पुढे शिकायचं असेल तर दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत जाहिरात आणि जनसंपर्क हा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. ही संस्था १९६५ पासून आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे, जो सगळे रानडे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यानंतर पदवीच्या नव्या आराखड्यात इंटर्नशिपला क्रेडिट, म्हणजे श्रेयांक मिळू लागले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार एका श्रेयांकाला साधारण ३० तासांचं काम धरलं जातं, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास. आपल्या कॉलेजात कोणत्या सत्रात हे बसतं आणि कोणती कागदपत्रं लागतात, ते आधीच विचारून घ्या. काम पूर्ण झाल्यावर पत्रासाठी धावपळ नको.

अर्जात काय पाठवायचं?

"मी मेहनती आहे, मला माणसांशी बोलायला आवडतं" हे प्रत्येकच अर्जात असतं. त्याऐवजी तीन नमुने जोडा. तिन्ही घरी बसून तयार होतात.

एक, दोनशे शब्दांची प्रेस नोट. कॉलेजात किंवा मोहल्ल्यात खरोखर झालेल्या एखाद्या कार्यक्रमाची लिहा.

दोन, कात्रणांचा अहवाल. कोणतीही एक कंपनी किंवा संस्था निवडा. आठवडाभर तिच्याबद्दल कुठे काय आलं त्याची तारीखवार यादी करा आणि शेवटी स्वतःचं निरीक्षण पाच ओळींत मांडा.

तीन, एखाद्या माणसाची शंभर शब्दांत ओळख. तुमच्या शिक्षिका, गल्लीतला सायकल दुरुस्त करणारा, कुणीही चालेल. त्यांची परवानगी मात्र घ्या.

अर्जाचा मेल दहा ओळींपेक्षा मोठा नको. कुठे शिकता, कोणत्या तारखेपासून किती आठवडे मोकळे आहात, कोणत्या भाषांत लिहिता आणि याच कार्यालयात का यायचंय, एवढं पुरे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं असायला हवं. एकच मेल वीस जणांना पाठवला की तो लगेच ओळखू येतो. आणि ज्या व्यक्तीला पाठवताय तिचं नाव बरोबर लिहिलंय ना, ते दोनदा बघा. नाव चुकवणाऱ्याला बातमीदारांची यादी कोण सोपवेल?

होकार देण्याआधी हे विचारा

इथे आईबाबांनीही लक्ष घालावं. कामाचे तास किती? विद्यावेतन आहे का, नसेल तर निदान प्रवासखर्च मिळेल का? माझं काम कोण तपासणार? लिहायला मिळेल की फक्त नोंदणीच्या टेबलावर बसायचं? शेवटी पत्रात कामाचा तपशील लिहून देणार का? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. चांगलं कार्यालय त्यांची सरळ उत्तरं देतं.

इंटर्नशिप मिळवण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तिथेच नमस्कार करून बाहेर पडा. बिनपगारी काम कधी स्वीकारावं? महिना-दीड महिन्यापुरतं असेल, शिकवणारं माणूस जवळ असेल आणि घरून येण्याजाण्याचा भार झेपत असेल तर विचार करता येईल. सहा महिने फुकट राबवून शेवटी फक्त प्रमाणपत्र देणाऱ्या ठिकाणी तुमची जागा पुढच्या इंटर्नने भरली जाते, नोकरी कुणालाच मिळत नाही. आधीच्या दोन इंटर्नशी बोललात तर हे लगेच कळतं.

पीआरमधले कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतात. परतीच्या गाडीची सोय कोण करणार, हे आधी ठरवून घ्यावं. मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी असाल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. समितीत कोण आहे, हे पहिल्याच दिवशी विचारलं तरी त्यात गैर काही नाही.

कुठे थांबायचं?

या कामात एक दिवस असा येतो की कुणीतरी सहज म्हणतं, "आकडा जरा वाढवून लिही, कोण बघतंय?" किंवा "दहा खोटी खाती काढ आणि चांगली मतं टाक." किंवा "त्या बातमीदाराला पाकीट देऊन टाक." इंटर्न सगळ्यात धाकटा, त्यामुळे नाही म्हणणं त्यालाच सगळ्यात जड जातं.

अशा वेळी भांडण करायची गरज नाही. शांतपणे विचारा, "या आकड्याचा आधार काय लिहू? बातमीदाराने विचारलं तर मला सांगता यायला हवं." बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. तरीही आग्रह झाला तर कॉलेजच्या मार्गदर्शक शिक्षकांना सांगा आणि तिथून बाहेर पडा. दोन महिन्यांची इंटर्नशिप सोडल्याने करिअर बुडत नाही. खोटी माहिती देणारा म्हणून बातमीदारांमध्ये नाव झालं तर ते पुसायला वर्षं जातात, कारण हे वर्तुळ लहान असतं.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे निकाल जाहीर होण्याआधी पीआरच्या टेबलावर आलेले असू शकतात. ती माहिती मामाला, मित्राला किंवा घरच्या ग्रुपवर सांगणं हा नुसता बावळटपणा नाही, सेबीच्या नियमांचा भंग होऊ शकतो. कार्यालयातला स्क्रीनशॉट स्टेटसवर टाकणं, बातमीदारांचे नंबर मित्राला देणं हेही टाळा. पैसे घेऊन इन्फ्लुएन्सरने केलेली पोस्ट ही जाहिरात आहे, असं त्या पोस्टमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. ते राहून गेलं असेल तर वरिष्ठांच्या लक्षात आणून देणं हे इंटर्नचंही काम आहे.

शेवटच्या आठवड्यात

निघण्याआधी कामाची यादी करा. किती नोटांचे खर्डे लिहिले, किती दिवस कात्रणं पाहिली, कोणत्या कार्यक्रमांत काय जबाबदारी होती. जे छापून आलं त्याच्या प्रती परवानगी घेऊन जपून ठेवा. ज्यांनी लाल खुणा केल्या त्यांना भेटून एक प्रश्न विचारा, "मी कुठे सुधारायला हवं?" त्यांचं उत्तर तुमच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि हे काम आपलं नाही असं वाटलं तर? तेही चांगलंच झालं. लाखभराची फी भरल्यावर कळण्याऐवजी उन्हाळ्याच्या सुट्टीत कळलं. स्वच्छ लिहिणं, वेळ पाळणं आणि अनोळखी माणसाशी नीट बोलणं, एवढं शिकून गेलात तर ते कुठल्याही नोकरीत कामाला येतं.

आवडलं तर मात्र घरी येऊन आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर द्या. त्यांना टाकी धुण्याची सूचना लिहायला बसवा आणि वार तपासायचं काम तुम्ही घ्या.